‘नस’ म्हणजे नेमके काय? सलून व पार्लर व्यावसायिकांसाठी चेहरा आणि मानेचा एक पाठ

दाढी आटोपली, तुरटी फिरवून झाली, की खुर्चीतील गिऱ्हाईक डोळे मिटून म्हणते, “भाई, जरा मानेची नस मोकळी करा.” कारागीर एक हात हनुवटीखाली आणि दुसरा डोक्यामागे घेतो. कटकन आवाज होतो. गिऱ्हाईक खूश, कारागीरही खूश. पण मोकळी झाली ती कोणती नस? हा प्रश्न आम्ही अनेक अनुभवी कारागिरांना विचारला. उत्तरे निरनिराळी आली आणि त्यांपैकी बहुतेक चुकीची होती.

केशकर्तनाच्या धंद्यात आमचे अनेक बांधव पिढ्यान् पिढ्या आहेत. आता आमच्या भगिनीही घरातील एका खोलीत पार्लर चालवून संसाराला हातभार लावीत आहेत. वस्तरा कसा धरावा, धागा कसा ओढावा, हे उस्ताद शिकवितात. परंतु ज्या कातडीवर हात फिरतो, तिच्याखाली काय आहे हे कोणी शिकवीत नाही. ती उणीव थोडी भरून काढावी म्हणून हा पाठ. सोबत आरसा घ्या आणि वाचता वाचता स्वतःच्या चेहऱ्यावर बोट ठेवून पाहा.

एक शब्द, तीन वस्तू

आमच्या बोलण्यात ‘नस’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. सारा घोटाळा येथूनच सुरू होतो.

पहिली वस्तू म्हणजे रक्तवाहिनी. कंठमणीच्या बाजूला हळुवार बोट ठेवले की ठोके लागतात. ती रोहिणी, म्हणजे हृदयाकडून मेंदूकडे रक्त नेणारी नळी. हातावर निळसर दिसते ती नीला.

दुसरी वस्तू म्हणजे स्नायू. मान एका बाजूला वळवा. कानामागच्या हाडापासून गळ्याखालच्या आडव्या हाडापर्यंत एक जाड पट्टा उठून दिसतो. गिऱ्हाईक “नस आखडली” म्हणते तेव्हा बहुतेक वेळा असा एखादा स्नायू ताठलेला असतो. नसेचा तेथे संबंध नसतो.

तिसरी वस्तू म्हणजे मज्जातंतू, आणि खरी नस हीच. हा पांढुरका दोर असतो. तो धडधडत नाही आणि सहसा कातडीवरून दिसत नाही. कोपर भिंतीवर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तो मज्जातंतूला बसलेला धक्का होय. वायरमन भिंतीत खिळा ठोकण्यापूर्वी आतून वायर कोठून गेली आहे ते पाहतो. आमच्या हाताखालीही अशाच वायरी आहेत.

चेहऱ्याचे दोन मुख्य मज्जातंतू

मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्या आहेत. त्यांपैकी चेहऱ्याच्या कामात आम्हाला दोन जोड्यांशी विशेष काम पडते. पाचवी जोडी चेहऱ्याच्या कातडीला स्पर्श, उष्णता व वेदना कळविते. सातवी जोडी चेहरा हालविते. हसणे, डोळा मिटणे, कपाळाला आठ्या घालणे ही तिची कामे. एक कळविते, दुसरी हालविते, एवढे लक्षात राहिले तरी अर्धा पाठ झाला.

पाचवा मज्जातंतू : तीन फांद्या, तीन दारे

या मज्जातंतूच्या प्रत्येक बाजूला तीन फांद्या होतात. पहिली कपाळ, वरची पापणी व नाकाचा दांडा सांभाळते. दुसरी खालची पापणी, गाल, वरचा ओठ व वरचे दात. तिसरी खालचा ओठ, हनुवटी, खालचे दात व कानापुढची बाजू. जबड्याच्या कोनावरील कातडी व कानाची पाळी मात्र हिच्याकडे नाही. तेथील संवेदना मानेतून वर येणारा मज्जातंतू नेतो. त्याची गोष्ट पुढे येईल.

या तीन फांद्या हाडातील तीन छिद्रांतून कातडीखाली येतात. आरशात सरळ समोर पाहा. बुबुळातून एक उभी रेषा मनात ओढा. भुवईखालच्या हाडाच्या काठावर एक खाच लागेल, ते पहिले दार. डोळ्याखालच्या हाडाच्या काठापासून सुमारे एक सेंटिमीटर खाली दुसरे. हनुवटीच्या बाजूला, खालच्या दाढा सुरू होतात त्या जागेखाली तिसरे. तिन्ही दारे जवळपास एकाच रेषेत आहेत. फेशियल करताना या ठिकाणी अंगठ्याचे टोक रुतवू नये, बोटाच्या मऊ भागाने गोल फिरवावे.

थ्रेडिंग करताना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणी का येते आणि काहींना शिंका का येतात, याचे उत्तरही येथेच आहे. भुवई, डोळा आणि नाकाचे अस्तर यांची खबर हाच मज्जातंतू मेंदूला देतो. भुवईचा केस उपटला की खबर शेजारच्या खोलीतही पोचते! म्हणून कातडी दोन बाजूंनी नीट ताणून धरावी आणि शिंक येत असल्यास धागा लगेच बाजूला घ्यावा.

या मज्जातंतूचे दोन विकार कारागिराने ओळखले पाहिजेत.

एक म्हणजे चेहऱ्यात वीज चमकल्यासारखी कळ. ही कळ बहुधा एका बाजूला, काही सेकंदांपासून दोनेक मिनिटांपर्यंत असते. वस्तरा लागणे, तोंड धुणे, दात घासणे किंवा गार वारा, एवढे निमित्तही पुरते. पन्नाशीनंतर हा विकार अधिक आढळतो. तो दातदुखी समजून कित्येकांनी चांगले दात काढून घेतले आहेत. एखादे वयस्कर गिऱ्हाईक गालाला हात लावताच तुमचा हात धरत असेल, तर “काय चाचा, घाबरलात?” म्हणून थट्टा करू नका. त्या बाजूला हात लावू नका आणि मज्जातंतूच्या डॉक्टरांना दाखविण्यास सांगा.

दुसरा म्हणजे नागीण. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षे दडून राहतो आणि पुढे केव्हातरी त्याच मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर फोड आणतो. म्हणून कपाळावरील नागीण अर्ध्याच बाजूला असते आणि मधल्या रेषेवर थांबते. नागिणीची दोन टोके जुळली की माणूस दगावतो, ही लोकांतील भीती निराधार आहे. खरी भीती वेगळीच आहे. नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळ्यालाही धोका संभवतो, कारण दोन्हीकडे एकाच फांदीचे धागे जातात. अशा गिऱ्हाइकाला वाफ, धागा, ब्लीच, वस्तरा काहीही नको. औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झाले तर गुण चांगला येतो. म्हणून “पुढच्या आठवड्यात दाखवा” असे न म्हणता आजच दवाखान्यात पाठवा.

सातवा मज्जातंतू : पाच बोटे

गिऱ्हाइकाच्या मागे उभे राहून त्याच्या उजव्या गालावर आपला उजवा तळवा ठेवा. मनगट कानावर, अंगठा वर कानशिलाकडे आणि चार बोटे पुढे पसरलेली. सातवा मज्जातंतू बरोबर असाच पसरतो. कानाच्या पाळीमागील हाडाजवळून तो कवटीबाहेर येतो आणि गालगुंडात सुजते त्या लाळग्रंथीतून जाऊन त्याच्या पाच फांद्या होतात. अंगठा कपाळ व भुवई उचलणारी फांदी दाखवितो. तर्जनी डोळा मिटणारी, मधले बोट गाल व वरचा ओठ हालविणारी, अनामिका जबड्याच्या काठाने ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी आणि करंगळी मानेत उतरणारी.

यांतील दोन फांद्या अधिक नाजूक आहेत. एक कानशिलाची, कारण ती गालफडाच्या हाडावरून कातडीखाली उथळ जाते. दुसरी जबड्याच्या काठाची. तथापि घाबरण्याचे कारण नाही. हलक्या हाताच्या मालिशने किंवा वस्तऱ्याच्या वरवरच्या ओरखड्याने या फांद्यांना इजा होत नाही. धोका खोल जखमेचा आहे. या भागात खोल कापले गेले आणि नंतर ओठाचा कोपरा हालेनासा झाला, तर तुरटी लावून वेळ दवडू नये, इस्पितळात पाठवावे.

येथे ‘लकवा’ या शब्दाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. आम्ही कोणत्याही पक्षाघाताला लकवा म्हणतो, परंतु मूळ अरबी ‘लक्वा’ म्हणजे चेहरा वाकडा होणे. रय शहराचे थोर हकीम अबू बक्र अर-राझी यांनी हजार वर्षांपूर्वीच ‘अल-हावी’ या आपल्या ग्रंथात या विकाराचा विचार केला आहे. मेंदूतील बिघाडामुळे आलेला लकवा आणि केवळ मज्जातंतूमुळे आलेला लकवा वेगळा, ही जाण जुन्या हकिमांना होती. युरोपात एकोणिसाव्या शतकात सर चार्ल्स बेल यांनी या मज्जातंतूचा अभ्यास केला आणि आज या विकाराला त्यांचेच नाव आहे.

दोहोंतील फरक कपाळावर दिसतो. भुवया वर उचलायला सांगितल्यावर कपाळाची ती बाजूही निश्चल राहिली, तर बहुधा मज्जातंतूचा विकार असतो. कपाळाला आठ्या पडतात, पण तोंड वाकडे आहे, तर मेंदूच्या झटक्याची शंका येते. हे ज्ञान समजुतीसाठी आहे, निदान करण्यासाठी नव्हे. दोन्ही प्रसंगी गिऱ्हाइकाला ताबडतोब मोठ्या इस्पितळात पाठविणे हेच आमचे काम. मेंदूच्या झटक्यात रक्ताची गाठ विरघळविणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. मज्जातंतूच्या लकव्यातही औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू व्हावे लागते. या रुग्णांपैकी बहुतेक जण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात. अशा वेळी “मालिश करून तोंड सरळ करून देतो” असे सांगून पैसे घेणे म्हणजे त्या माणसाचे मोलाचे तास हिरावून घेणे होय.

मान : जेथे हात आखडता घ्यावा

आता पुन्हा त्या कटकन आवाजाकडे येऊ. हा आवाज नस मोकळी झाल्याचा नसतो. मणक्यांच्या सांध्यांत वंगणासारखे द्रव असते. सांधा झटक्याने ताणला की त्यात वायूचा बुडबुडा तयार होतो आणि आवाज येतो. थोडा वेळ हलके वाटते, इतकेच. या क्षणभराच्या बरे वाटण्यासाठी आम्ही काय पणाला लावतो ते पाहा.

मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंनी छिद्रे आहेत. त्यांतून मेंदूच्या मागील भागाला रक्त नेणारी एकेक रोहिणी वर जाते. मान झटक्याने पिळली तर या रोहिणीचे आतील अस्तर फाटू शकते. तेथे रक्ताची गाठ धरते आणि ती मेंदूत गेली की झटका येतो. कधी लगेच, कधी काही दिवसांनी. म्हणूनच “आमच्याकडे आजवर काही झाले नाही” असे कारागीर म्हणतो तेव्हा ते त्याला कळलेच नसण्याची शक्यता असते.

मानेच्या तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या मज्जातंतूंपासून एक मज्जातंतू तयार होऊन छातीत उतरतो आणि श्वासपटल हालवितो. आपला श्वास मुख्यतः त्याच्या जोरावर चालतो. २०१७ मध्ये दिल्ली परिसरातील ५४ वर्षांच्या एका गृहस्थांना सलूनमध्ये मालिश करून मान मोडून घेतल्यानंतर श्वास घेता येईना. हाच मज्जातंतू निकामी झाल्याचे डॉक्टरांना आढळले आणि त्यांना श्वासयंत्रावर ठेवावे लागले, ही बातमी वृत्तपत्रांत ठळकपणे आली होती. २०२४ मध्ये कर्नाटकातील बळ्ळारी येथील ३० वर्षांच्या तरुणाला सलूनमध्ये मानेला झटका दिल्यानंतर पक्षाघात झाला. त्याच्या मानेतील रोहिणी फाटली होती. अशा घटना विरळ आहेत. परंतु ज्याच्यावर येते त्याचे घर बसते, आणि ज्याच्या हातून घडते त्याचे दुकानही.

पार्लरमधील भगिनींसाठीही एक इशारा आहे. केस धुण्याच्या बेसिनवर मान मागे फार वाकवून बराच वेळ ठेवली तर त्याच रोहिणीवर ताण पडतो. १९९३ मध्ये अमेरिकेतील डॉक्टर मायकेल वाइन्ट्रॉब यांनी अशा पाच स्त्रियांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि या प्रकाराला ब्यूटी पार्लरचेच नाव पडले. २०२२ मध्ये हैदराबाद येथील ५० वर्षांच्या एका महिलेबाबत असेच घडल्याचे वृत्त होते. उपाय फुकटाचा आहे. मानेखाली टॉवेलची जाड गुंडाळी ठेवा, दर दोन मिनिटांनी मान उचलायला सांगा आणि वयस्कर बाईंचे केस पुढे वाकवून धुवा.

मानेच्या पुढील भागात, कंठमणीच्या वरच्या काठाच्या पातळीला, मोठी रोहिणी दोन भागांत फुटते. तेथे रक्ताचा दाब मोजणारे मज्जातंतू आहेत. त्या जागेवर दाब आला तर शरीराला वाटते की दाब वाढला, आणि नाडी मंद होते. वयस्कर माणसाला घेरी येते, कधी शुद्धही हरपते. दाढी करताना डोके मागे नेऊन बोटांनी तेथे दाबून कातडी ताणणे, गळ्याभोवती कापड करकचून बांधणे, ही याची निमित्ते. कापडात दोन बोटे सहज जातील एवढी ढिलाई ठेवा. गळ्याच्या दोन्ही बाजू एकाच वेळी कधीही दाबू नका.

मानेच्या बाजूला, त्या जाड पट्ट्याच्या मागील काठावर, साधारण मध्यभागी, कान, मान व खांद्याच्या कातडीचे मज्जातंतू एकत्र बाहेर पडतात. जवळूनच खांदा उचलणारा मज्जातंतू उथळ जातो. तो तुटला तर खांदा पडतो आणि हात डोक्यावर नेणे कठीण होते. या खळग्यात अंगठा खोल रुतविण्याची पद्धत सोडून द्यावी.

कारागिराची नजर

कानाची पाळी व जबड्याच्या कोनाची संवेदना नेणारा मज्जातंतू त्या जाड पट्ट्याला ओलांडून कानाकडे चढतो. एरवी तो दिसत नाही. कुष्ठरोगात मात्र तो सुजून दोरीसारखा दिसू शकतो. सोबत चेहऱ्यावर फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श कमी जाणवणे, भुवईच्या बाहेरच्या बाजूचे केस विरळ होणे, कानाची पाळी जाड होणे ही लक्षणे असू शकतात. देशपातळीवर या रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आल्याचे २००५ अखेर जाहीर झाले. तथापि गडचिरोली, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत नवे रुग्ण त्यानंतरही आढळत आले आहेत. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते. ते सहा महिने किंवा वर्षभर घेतले की रोग बरा होतो. वेळेवर घेतले तर अपंगत्व टळते.

असा चट्टा दिसला तर भर दुकानात बोलू नका. गिऱ्हाईक निघताना बाजूला घेऊन सांगा, “भाऊ, हा डाग एकदा सरकारी दवाखान्यात दाखवा, पैसे लागत नाहीत.” एका दाढीत हा रोग लागत नाही. म्हणून त्याला खुर्ची नाकारू नका. डॉक्टरांकडे माणूस वर्षातून एकदा जातो, आमच्याकडे महिन्यातून दोनदा येतो. डॉक्टरांच्या आधी आमची नजर पोचते.

सुईचे काम आमचे नव्हे

अलीकडे चार दिवसांच्या वर्गात सुरकुत्यांची इंजेक्शने व गाल भरण्याची सुई शिकवितो, अशा जाहिराती येतात. हे डॉक्टरांचे काम आहे. सुईतील द्रव चुकून रोहिणीत गेला तर कातडी मरते, दृष्टीही जाऊ शकते. तीच गोष्ट मानेवर चिरा देऊन करावयाच्या हिजामाची. सुन्नत म्हणून आदर असणे वेगळे आणि शिक्षण न घेता पाते लावणे वेगळे. ज्याला वैद्यकी येत नाही त्याने उपचार केला तर झालेल्या नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर आहे, या आशयाची प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आली आहे. आमच्या धंद्याला याहून स्पष्ट कायदा कोणता हवा?

मग गिऱ्हाइकाला काय सांगावे?

कारागिराची अडचण आम्हाला ठाऊक आहे. मान मोडली नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या सलूनमध्ये जाईल. वर मिळणारे दहा-वीस रुपयेही जातील. म्हणून नुसते नाही म्हणू नका, बदल्यात काहीतरी द्या. “चाचा, मान मोडणे आम्ही बंद केले आहे. त्यात धोका आहे. खांद्याची मालिश पाच मिनिटे जास्त करून देतो.” ताण खरोखर खांद्याच्या जाड स्नायूत आणि कवटीखालच्या स्नायूंत असतो. तेथे तळव्याने, मान सरळ ठेवून, सावकाश मळले तर आराम झटक्यापेक्षा अधिक वेळ टिकतो. ज्याला असा आराम मिळाला तो पुन्हा येतो.

दुकानात लावण्यासाठी नियम

१. मानेला झटका नाही, पीळ नाही. गिऱ्हाइकाने आग्रह केला तरी नाही.
२. मालिश खांदे, मानेची मागील बाजू व डोके यांचीच. गळ्याच्या पुढील व बाजूच्या भागाला फक्त हलका हात.
३. मालिशपूर्वी विचारावे : चक्कर येते का? रक्तदाब आहे का? हातात मुंग्या येतात का? मानेला मार लागला होता का? एकाचेही उत्तर होय असेल तर मालिश नको.
४. झिणझिण्या, वीज चमकल्यासारखी कळ किंवा बधिरता जाणवली की हात तत्काळ थांबवावा.
५. तोंड वाकडे, बोलणे बोबडे, एक हात लुळा किंवा एकाएकी तोल जाणे : पाणी पाजू नये, मालिश करू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते कागदावर लिहून सोबत द्यावे.

उजळणी

शिकाऊ मुलांना व मुलींना पुढील प्रश्न विचारा. चेहऱ्याला स्पर्श कळविणारा मज्जातंतू कितवा आणि हालविणारा कितवा? पाचव्याची तीन दारे बोटाने दाखवा. थ्रेडिंग करताना शिंक का येते? नागीण मधल्या रेषेवर का थांबते? मान मोडल्यावर आवाज कशाचा येतो? ज्याला ही उत्तरे येत नाहीत त्याच्या हाती गिऱ्हाइकाची मान देऊ नका.

अनोळखी माणूस खुर्चीत बसतो, डोके मागे टेकतो आणि वस्तरा घेतलेल्या हातापुढे आपला गळा उघडा करतो. एवढा भरवसा तो सराफावरही ठेवीत नाही. ही अमानत आहे. ती जशीच्या तशी परत करणे हा आमच्या हलाल रोजीचा पहिला हिशेब होय.